शेठला वाघ मिळू दिला नाही

माझ्या नवऱ्याला वाघानं फाडलं, तेव्हा शेठ पाल गावच्या जंगल बंगल्यावर जेवायला बसले होते. कोंबडीचा रस्सा होता. हे मला नंतर बंगल्यावरच्या खानसाम्याच्या बायकोनं सांगितलं. शेठनी रस्सा पुन्हा मागून घेतला, हेही तिनंच सांगितलं.

आमचं गाव रावेरच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याशी. खाली काळ्या जमिनीत कापूस, विहिरीजवळ थोडी केळी, आणि गाव संपलं की साग-अंजनाचं जंगल. माझे सासरे, त्यांना सगळं गाव आबा म्हणायचं, सांगत की त्यांच्या तरुणपणी यावलपासून इकडच्या प्रत्येक दरीत ढाण्या वाघ होता. साहेबांनी, संस्थानिकांनी, वकिलांनी, जिनवाल्यांनी मारून मारून दऱ्या रिकाम्या केल्या. आमच्या गावावरच्या दरीत तेवढे वाघ उरले होते, कारण तिथल्या डोहाचं पाणी वैशाखातही आटत नसे.

शेठची कापसाची जिन रावेरला होती आणि घर जळगावला. गावचा सगळा कापूस त्यांच्याकडेच जायचा. दर उन्हाळ्यात ते परवाना काढून शिकारीला यायचे. दिवाणखान्याच्या भिंतीवर वाघांची कातडी टांगलेली होती म्हणे. कुणा ना कुणा गोऱ्या साहेबाला बरोबर आणायचे, कारण त्यांना सरकारची पदवी, रावसाहेबकी, हवी होती. हे गावात कुणापासून लपलेलं नव्हतं.

त्या वर्षी ते एकटेच आले होते. हाक्याला आमच्याच गावची माणसं गेली आणि त्यांच्या पुढं माझा नवरा होता. डबे, ढोल वाजवत त्यांनी वाघ दरीतून खाली आणला. शेठनी मचाणावरून गोळी घातली, ती मागच्या पायाला लागली आणि वाघ बोरी-घाणेरीच्या जाळीत शिरला. जखमी वाघाच्या मागं बंदूकवाल्यानं स्वतः जायचं, हा शिकारीतला साधा नियम. शेठ मचाणावरून उतरले, घड्याळ बघितलं आणि माझ्या नवऱ्याला म्हणाले, "रक्त बरंच पडलंय, मेला असेल. तू बघून ये. मी बंगल्यावर आहे."

त्याच्या हातात कुऱ्हाड होती. बाकी काही नव्हतं.

त्याला झोळीत घालून आणलं. खांदा आणि पाठ उघडी पडली होती. रावेरच्या दवाखान्यात नेलं, पण जखमा चिघळल्या, अंगात ताप भरला. शुद्धीवर असेपर्यंत तो माझ्याशी बोलत होता. शेठ काय म्हणाले ते त्यानंच मला सांगितलं, एकदा नाही, पुन्हा पुन्हा. "मी आपल्या मनानं नाही गेलो," म्हणायचा. "लोकं म्हणतील का, की कायले गेला? तू सांगजो त्याहीले. मले पाठोलं होतं." मी त्याच्या ओठांना पाणी लावत होते आणि हो, हो म्हणत होते. तो गेला.

पंचनाम्याला फौजदार आले. शेठनी जबाब दिला की वाघ मेला असं समजून हा माणूस त्याच्या मिशा आणि नखं चोरायला जाळीत शिरला. आपण त्याला जाऊ नको म्हणून बजावलं होतं, असंही ते म्हणाले. हाक्यातल्या माणसांना फौजदारांनी फार विचारलंच नाही. ज्या एकानं तोंड उघडलं त्याला गप्प केलं. कागदावर माझा नवरा चोर झाला. जखमी वाघ दुसऱ्या दिवशी शेठच्या माणसांनी टिपला, आणि त्याचं कातडं जळगावला गेलं.

तेराव्याला शेठचा मुनीम माझ्यासाठी लुगडं घेऊन आला. जांभळं, जरीच्या काठाचं. आबा म्हणाले, "सूनबाई, परत पाठव." मी म्हटलं, "ठेवते." माझ्या मनात तेव्हा काही ठरलेलं नव्हतं. एवढंच वाटलं की या माणसाचं काहीतरी आपल्या हातात असू द्यावं.

त्या पावसाळ्यात मी निंदणी करताना, दळताना, केळीला पाणी देताना एकच विचार करत होते. शेठला मारावं असं वाटायचं. पण मला दोन लहान मुली होत्या, आणि त्याचा जीव घेऊन माझ्या नवऱ्यावरचा चोरीचा डाग निघणार नव्हता. कोर्टात कुणी उभं राहणार नव्हतं. मग मी उलट बाजूनं विचार सुरू केला. या माणसाला हवं काय आहे? त्याला वाघ हवे होते. वाघाशिवाय साहेब यायचा नाही, साहेबाशिवाय पदवी यायची नाही. मग ठरवलं, आमच्या दरीतला एकही वाघ आता शेठला मिळू द्यायचा नाही. वाघाची मला दया नव्हती. माझं कपाळ त्यांच्यातल्याच एकानं पांढरं केलं होतं. पण वाघानं जनावराच्या धर्मानं केलं, आणि शेठनी जेवण थंड होऊ नये म्हणून केलं.

पहिलं काम आबांनी केलं. मी त्यांना एवढंच म्हटलं, "पुढच्या साली आपल्या गावातून हाक्याले कुणी जायला नको." दिवाळीनंतर आबा काठी घेऊन घरोघर फिरले. हाक्यात होते त्या सगळ्यांना खरं काय ते ठाऊक होतं आणि फौजदारासमोर गप्प बसल्याची सल त्यांना होती. कुणीही नाही म्हटलं नाही.

चैत्रात शेठचा मुनीम माणसं मागायला आला. चावडीवर त्याला सांगितलं, गावात लग्नसराई आहे, कुणाला सवड नाही. शेठनी मग खालून, पहूरकडून माणसं आणवली. या वेळी बरोबर एक मोठा गोरा साहेब होता. बंगल्याला रंग दिला, बर्फ आगगाडीनं मागवला. डोहाजवळ आमिषाला रेडकू बांधलं होतं ते वाघानं मारलं, आणि सकाळी हाका होणार हे गावात कळलं.

नवरा जिवंत असताना शिकारीच्या गोष्टी मला सांगायचा. वाघाला एखाद्या वाटेनं जाऊ द्यायचं नसेल तर झुडपांवर कापडाच्या चिंध्या टांगतात. हलणारी चिंधी दिसली की तो वळतो, हे त्यानंच मला सांगितलं होतं. मी ते लुगडं काढलं आणि दारात बसून उभं फाडलं. जाऊबाई बघत होत्या. म्हणाल्या, "काय करते तू?" मी सांगितलं. त्याही खाली बसून दुसऱ्या टोकानं फाडायला लागल्या.

उजाडताना आम्ही दोघी पळसाची पानं आणायच्या निमित्तानं दरीत गेलो. लग्नाच्या पत्रावळींसाठी बायका जातातच, कुणी अडवलं नाही. भीती वाटत नव्हती असं म्हणणार नाही. डोहाच्या वरच्या अंगाला कुठंतरी तो मारलेल्या रेडकावर पोट भरून पडलेला असणार, हे माहीत होतं. मचाणं खालच्या खिंडीत होती. त्यांच्यापासून वर, वळणाच्या आड, जिथं दरी अरुंद होते तिथं आम्ही चिंध्या बांधल्या, करवंदीवर, पळसावर, हाताला येईल त्या फांदीवर. डावीकडची चढणीची बाजू मोकळी सोडली. ती सोडली नसती तर वाघ मागं फिरून हाकेकऱ्यांवर गेला असता, आणि त्यांच्याही घरी बायका होत्या.

आम्ही पानांचे भारे घेऊन परत आलो तेव्हा ढोल सुरू झाले. मी अंगणात बसून पत्रावळी लावत होते. कान सगळे दरीकडे. ढोल जवळ आले, मग खाली उतरले, मग थांबले. गोळी वाजली नाही. दुपारी बंगल्यावरची बातमी आली: मोर निघाले, एक डुक्कर निघालं, वाघ वळणावरून डाव्या टेकडीवर चढून मध्य प्रांताच्या बाजूला गेला. गोरा साहेब उन्हात मचाणावर बसून लालबुंद झाला होता आणि कुणाशी बोलत नव्हता. दुसऱ्या दिवशी तो निघून गेला. त्या रात्री नवरा गेल्यापासून पहिल्यांदा मला गाढ झोप लागली.

चिंध्या कुणाच्या तरी हाती लागणार हे मला ठाऊक होतं. लागाव्यात असंच मला वाटत होतं.

कापसाचा हंगाम आला. कापूस घेऊन आबांबरोबर मी रावेरला जिनवर गेले, तेव्हा शेठ गादीवरून उठून बाहेर आले. त्यांच्या हातात जांभळी चिंधी होती, जरीचा काठ दिसत होता. गाड्यांच्या रांगेतली सगळी माणसं बघत होती.

"बाई, हे ओळखता का?"

"ओळखते," मी म्हटलं. "तुम्हीच दिलेलं लुगडं आहे, शेठ. मला अंगाला लावायची इच्छा झाली नाही."

"वाघ तुमचा सोयरा लागतो का? तुमच्या नवऱ्याला मारलं वाघानं."

"वाघानं मारलं. पाठवलं तुम्ही."

शेठचा चेहरा उतरला नाही, उलट हसरा झाला. ते आबांकडे वळले. "आबा, सुनेला आवरा. या गावचा कापूस आजपासून माझ्या काट्यावर चढणार नाही. एकट्या तुमचा नव्हे, साऱ्या गावचा."

आम्ही भरल्या गाड्या घेऊन परतलो. गावात बोललं गेलं. एका बाईच्या रागापायी गावाचा कापूस का अडायचा, हे मला विहिरीवर तोंडावर ऐकवलं गेलं, आणि त्यात खोटं काही नव्हतं. आबांनी गाड्या जुंपल्या आणि आमचा कापूस तापी ओलांडून बोदवडला नेला. वाटेत एक बैल लंगडा झाला. तरी परत आल्यावर ते चावडीवर म्हणाले, "बोदवडलेही काटा आहे. ज्याले यायचं त्यानं याव." पुढच्या खेपेला अर्ध्या गावच्या गाड्या त्यांच्या मागं होत्या. उरलेल्यांनी शेठचे पाय धरले, पण शेठनी त्यांनाही घेतलं नाही. तिथं शेठचं चुकलं. त्यांनी थोड्यांना जवळ केलं असतं तर गाव फुटलं असतं.

पुढच्या सालात वाघानं माझी म्हैस मारली.

दूध देणारी, दोन वेताची म्हैस. नाल्याच्या कडेला मान मोडलेली पडली होती, मागचा भाग खाल्लेला. मी तिच्याजवळ बसले आणि वाघाला शिव्या घातल्या. याच्या जातीनं नवरा नेला, यानं म्हैस नेली, आणि मी याच्यासाठी गावाशी वाकडं घेतलं. त्या वेळी कुणी माझ्या हाती बंदूक दिली असती तर मी झाडली असती.

बंदुकीऐवजी शेठचा मुनीम आला. त्याला बातमी कशी लागली कोण जाणे. त्याच्याकडे कागदाच्या पुडीत पांढरी पूड होती. तो मला नाही, चावडीवर बसलेल्यांना म्हणाला, "ही पूड म्हशीच्या मढ्याला लावा. वाघ परत खायला येईल आणि तिथंच पडेल. कातडं शेठकडे पोचवा, म्हणजे उद्यापासून तुमचा कापूस जिनवर चढेल." लोकांनी एकमेकांकडे बघितलं. एक जण माझ्याकडे येऊन हळूच म्हणाला, "वैनी, तुमचाही सूड निघते. गावाचंही भलं होते."

मी विचार केला, तो खोटं बोलत नाही. मग शेठच्या भिंतीवर टांगलेलं याचंही कातडं डोळ्यांपुढं आलं. त्याच्याखाली बसून ते पाहुण्यांना सांगणार, हा मी मारला. मिशाचोराची गोष्टही सांगणार.

मी घरी गेले. आमच्या शेतात कापसाच्या वाळलेल्या पऱ्हाट्यांचा ढीग रचलेला होता, वर्षाचं जळण. जाऊबाई, दीर आणि मी, आम्ही पऱ्हाट्या गाडीत भरून नाल्यावर नेल्या आणि म्हशीवर रचल्या. घासलेट ओतलं. मुनीम आणि गावकरी नाल्याच्या वर उभे राहून बघत होते. चामडी जळायला लागली, घाण वास सुटला, तरी मी हलले नाही, कारण मढं अर्धवट राहिलं तर पूड लागलीच असती. मुनीम म्हणाला, "वेडी आहे ही बाई." आबा त्याच्या शेजारी उभे होते. ते म्हणाले, "म्हैस तिची आहे."

त्यानंतर वाघानं दुसऱ्या कुणाचं जनावर मारलं की मी तिथं आधी पोचायचे. मेलेल्या जनावराच्या बदल्यात एका घरी माझी कालवड दिली, दुसऱ्या घरी आबांनी बैल नांगरणीला दिला, आणि मढी जाळली. हे काही पुण्याचं काम म्हणून मी करत नव्हते. प्रत्येक मढं जळताना मला शेठची भिंत दिसायची आणि बरं वाटायचं.

मग जर्मनीची लढाई सुरू झाली. पेट्रोल मिळेना, काडतुसं मिळेनात, साहेब लोक लढाईत गुंतले. शेठना रावसाहेबकी मिळाली नाही. ती मिळाली रावेरच्याच दुसऱ्या एका व्यापाऱ्याला, हे मला कळलं तेव्हा मी मुलींना गूळ दिला. कशाबद्दल ते सांगितलं नाही.

लढाई संपत आली होती तेव्हा एक दिवस गावात छपराची बैलगाडी, दमणी, आली आणि तिच्यातून दोघांनी धरून शेठना उतरवलं. अर्धांगवायू झाला होता. डावा हात लोंबत होता, तोंड वाकडं झालं होतं. कुणा वैद्यानं सांगितलं होतं की वाघाची ताजी चरबी चोळली तर अंग परत येईल. त्यांचा मुलगा बंदूक घेऊन बरोबर आला होता. सगळीकडे फिरून आले होते. ज्या दऱ्यांत त्यांनी स्वतः शिकारी केल्या होत्या त्यांत आता वाघ उरला नव्हता. आमच्या दरीत होता, पण गावाच्या मदतीशिवाय तो सापडणार नव्हता.

ते माझ्या ओट्यावर येऊन बसले. बोलणं अडखळत होतं, पण कळत होतं.

"बाई, झालं गेलं विसरा. एक वाघ द्या."

"माझ्या नवऱ्याला तुम्ही पाठवलं होतं की नव्हतं?"

"पाठवलं होतं."

"मला ठाऊक आहे. चावडीवर, सगळ्यांसमोर बोला. मग बघू."

आबांनी गाव गोळा केलं. शेठना खाटेवर बसवून चावडीत नेलं. माझ्या मुली आता लग्नाच्या झाल्या होत्या. त्यांना मी पुढं उभं केलं. शेठ मुलाचा हात धरून म्हणाले, "मी त्याला जाळीत पाठवलं. तो आपण होऊन गेला नाही. मिशांची गोष्ट खोटी होती. मी खोटा जबाब दिला." धाकटी रडायला लागली. पंचनाम्याच्या दिवशी ज्याला गप्प केलं होतं तो हाकेकरी उठून बाहेर गेला.

शेठनी माझ्याकडे बघितलं. "आता वाघ?"

"वाघ नाही," मी म्हटलं.

त्यांचा मुलगा तावातावानं पुढं आला. "तुम्ही शब्द दिला होता."

"मग बघू, म्हटलं होतं. बघितलं. न्या यांना."

आबा घरी आल्यावर म्हणाले, "सूनबाई, मरत्या माणसाले आशा लावून असं नव्हतं करायचं." मी म्हटलं, "माझ्या माणसालाही दवाखान्यात आशा होती, आबा." ते पुन्हा त्यावर कधी बोलले नाहीत. मलाही पुन्हा त्याचं काही वाटलं नाही, आज सांगतानाही वाटत नाही.

शेठ पुढच्या थंडीत गेले. बातमी आली त्या दिवशी मी पऱ्हाट्यांवर वांगी भाजून भरीत केलं आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरीशी पोटभर जेवले.

स्वराज्य आलं त्या साली जंगल खात्याचे एक नवे अधिकारी गावात आले. ते सगळ्या डोंगराची पाहणी करत होते. म्हणाले, इकडं यावलपर्यंत वाघाचा माग दिसत नाही, तुमच्या दरीत मात्र वाघिणीच्या मागं पिलांचे पाय उमटलेत. तुमच्या गावात भूतदया फार दिसते. आबांनी माझ्याकडे बघितलं आणि त्यांच्यापुढं सुपारी ठेवली.

त्याच सालच्या थंडीच्या शेवटी मी वरच्या शेतात पऱ्हाट्या उपटत होते. चांगलं ऊन होतं. नाल्याच्या पलीकडं काहीतरी हललं म्हणून मान वर केली, तर वाघीण पाण्यावर वाकून पीत होती आणि तिच्या मागं दोन पिलं. ती पिऊन झाली तरी तिथंच बसली, माझ्याकडे तोंड करून. इतक्या वर्षांत जिवंत वाघ मी पहिल्यांदा बघत होते. सुंदर होती असं लोक म्हणतात तसं मला काही वाटलं नाही. तिचा जबडा तेवढा मला दिसला. मी एक मोठं ढेकूळ उचललं आणि जोर लावून तिच्या दिशेनं फेकलं. ते पाण्यात पडलं. ती सावकाश उठली, पिलांना पुढं घातलं आणि चढण चढून सागांत गेली. मी थोडा वेळ तिथं बघत राहिले, मग पुढच्या ओळीत वाकले, कारण तेवढी ओळ जेवणाच्या आधी संपवायची होती.